पेढे कोणी आणायचे?

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात दोन निकाल लागले. नातू बारावीला फिजिक्समध्ये नापास झाला आणि आठवड्याभराने नात दहावीला ९१ टक्के मिळवून पास झाली. नातू मुलीचा, नात मुलाची. म्हणजे दोन्ही निकाल माझेच. एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात आसू, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने कोणी हे पहिल्यांदा म्हटलं त्याने ते करून बघितलेलं नसणार. मी आरशासमोर उभा राहून बघितलं. तोंडावरून वारं गेल्यासारखं दिसतं.

नातीचा निकाल कळल्याला दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, ग्रुपवर पेढ्याची चित्रंबित्रं टाकू नका हं. तो तीन दिवस धड जेवलेला नाही." बरं म्हणून फोन ठेवतोय तोच मुलाचा आला. "बाबा, ग्रुपवर मार्कशीट टाकू ना? पोरगी विचारतेय, आजोबांना आनंद झालेला दिसत नाही." आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. त्यात ४३ माणसं आहेत आणि सकाळी सहापासून ती एकमेकांना फुलं पाठवत असतात. त्या गटावर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही फूल पडलं नाही. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं आणि ४३ माणसं तोंडात मूग धरून बसली होती.

मला गंमत वाटली ती याची, की हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी आमच्या साताऱ्याच्या घरात असाच्या असा पडला होता. त्यावर तीन दिवस खल झाला होता. त्यानंतर माणूस चंद्रावरून दगड घेऊन आला आहे, पण घरातला एक हसत असताना दुसरा रडत असेल तर पहिल्याने काय करावं, हे अजून कोणी नक्की सांगितलेलं नाही. (चंद्रावरचे दगड १९६९ सालीच आले होते, असं आमची नात म्हणते. तिला ९१ टक्के आहेत.)

आमचं घर मंगळवार पेठेत होतं. तीन भावांचं एकत्र कुटुंब. तात्या म्हणजे माझे थोरले काका, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि नाना. तिघांच्या बायका, आजी, माहेरी परत आलेली एक आत्या आणि आम्ही अकरा पोरं. एकोणीस माणसं एका वेळी घरात असली की कोण कोणाचं हे आलेल्या पाहुण्याला कळत नसे. कधीकधी अण्णांनाही कळत नसे. एकदा त्यांनी मला मारायला घेतलं आणि दोन रट्टे दिल्यावर विचारलं, "तू आमचा ना रे?"

अकरा पोरं वाढत्या वयाची असली की त्या घरात रोज कोणाचा तरी सण असतो आणि रोज कोणाचं तरी सुतक असतं. छोटीचा पहिला दात पडला, त्याच आठवड्यात आजीचा शेवटचा पडला. छोटीचा दात आम्ही कौलावर फेकला आणि टाळ्या वाजवल्या. आजीचाही तसाच फेकू, नवा येईल, अशी सूचना बाळ्याने केली आणि मार खाल्ला. मी हात सोडून सायकल चालवायला शिकलो त्याच संध्याकाळी बाळ्या हात धरूनही पडला आणि कोपर फोडून घेतलं. अक्काला पाहून गेलेल्यांचं "पत्रिका जुळत नाही" असं कार्ड आलं, आणि ज्या पोस्टमनने ते आणलं त्याच्याच पिशवीत मधल्या ताईला स्कॉलरशिप लागल्याचं पत्र होतं. पोस्टमन दोन्ही पत्रं एकाच हाताने देतो. त्याला काय!

बरं, एकाची प्रगती हीच दुसऱ्याची पंचाईत, असाही प्रकार असे. माझे पाय वाढले की माझ्या चपला बाळ्याकडे जात. मला ही प्रगती वाटे. बाळ्याच्या दृष्टीने मात्र आपल्याला जन्मात नव्या चपला मिळणार नाहीत, याचा तो आणखी एक पुरावा असे.

स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा होत्या. दर पाडव्याला आजी प्रत्येकाला चौकटीला पाठ लावून उभं करी, डोक्यावर पाटी आडवी धरी आणि शिसपेन्सिलीने रेघ मारून पुढे नाव लिही. साऱ्या घराचा इतिहास त्या लाकडावर होता. दादा म्हणजे तात्यांचा थोरला मुलगा. माझ्याहून वर्षाने मोठा. त्याची रेघ कायम माझ्या रेघेच्या वर. नुसत्या उंचीतच नव्हे, पतंगात, पोहण्यात, गोट्यांत, झाडावर चढण्यात, मारुतीला उडी मारून घंटा वाजवण्यात, सगळ्यात त्याची रेघ वर. १९७५ च्या पाडव्याला माझी रेघ त्याच्या रेघेच्या अर्धं बोट वर गेली. आजीने दोनदा पाटी धरून खात्री करून घेतली. दादा चौकटीकडे बघत म्हणाला, "चौकट खचलीय."

हा दादा आणि मी त्या वर्षी एकदमच मॅट्रिकला बसलो होतो. आजच्या वाचकाला वाटेल, दादा आधी एकदा गटांगळी खाल्लेला असणार. तसं नव्हतं. महाराष्ट्रात तोवर अकरावीला मॅट्रिक होत असे. मग दहा अधिक दोन अधिक तीन असा नवा आकृतिबंध आला आणि मॅट्रिक दहावीवर आली. १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी अशा दोन्ही त्याच वर्षी बोर्डाच्या परीक्षेला बसल्या. राज्यातल्या किती घरांत थोरला आणि धाकटा एका रांगेत उभे राहिले असतील, देव जाणे. दादाने एक वर्ष आधी जन्म घेऊन जे काही मिळवलं होतं, ते सरकारने एका कलमाने काढून घेतलं. तो मला म्हणायचा, "तू माझ्या मागनं आलास आणि खिडकीतनं गाडीत शिरलास."

निकाल लागोपाठ आले. आधी दादाचा. गणितात ३१. चार मार्कांनी घरावर अवकळा आली. तात्या ऑफिसातून आले ते टोपी न काढता झोपाळ्यावर बसले. काकू चुलीपुढे बसली ती उठेना. दादा परसाच्या बाजूच्या माळ्यावर जाऊन बसला आणि तिथे पडलेला जुना रेडिओ उघडून त्याचे स्क्रू मोजायला लागला. देशातली आणीबाणी त्या वर्षी २५ जूनला जाहीर झाली. आमच्या घरातली निकालाच्याच दिवशी. बोलायचं ते हळू, हसायचं नाही, आणि तात्यांसमोर चौघांनी एकत्र जमायचं नाही.

दोन दिवसांनी माझा निकाल आला. पहिला वर्ग.

शाळेपासून घरापर्यंत मी पळत आलो आणि दारात आल्यावर चालायला लागलो. आत आजी होती. तिला हळूच सांगितलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "शहाणं गं माझं पोर ते! पण परसात जा बरं."

हा आजीचा जुना कायदा होता. घरात एक पोर रडत असेल आणि दुसऱ्याला हसू येत असेल, तर दुसऱ्याने परसात जाऊन हसून यावं. हसायला बंदी नाही, जागा ठरलेली. परसात पेरूचं झाड होतं. त्या झाडाखाली आमच्या पिढीतली अकराही पोरं कधी ना कधी एकटीच हसून आलेली आहेत. मीही गेलो. पेरूला मिठी मारली, दोन उड्या मारल्या आणि मोठमोठ्याने हसलो. मग तोंड धुतलं आणि नीट पाडून घरात आलो.

आता खरा प्रश्न उभा राहिला. पेढे!

साताऱ्यात पास झालं आणि पेढे वाटले नाहीत तर तो निकाल कायदेशीर धरत नाहीत. इतर गावांत पेढा म्हणजे खव्यात साखर कालवली की झालं. आमचा कंदी पेढा खरपूस भाजलेला, वरून तांबूस, आत रवाळ. मोती चौकातून नुसतं चालत गेलं तरी नाकाला कळतं की आज कोणाच्या तरी घरी काहीतरी चांगलं झालेलं आहे. त्यातून पहिला वर्ग. गल्ली वाट बघत होती. पण अर्धा किलो पेढ्यांचा पुडा ज्या दारातून आत यायचा त्याच दाराशी झोपाळ्यावर तात्या टोपी घालून बसलेले.

माझी आई म्हणाली, "पेढे आणायचे नाहीत. जाऊबाईंच्या जिवाला काय वाटेल?" हे तिने कुजबुजत सांगितलं, पण एकोणीस माणसांच्या घरात कुजबूज सगळ्यांत लांबवर ऐकू जाते. काकू चुलीपासून उठून आली. तीन दिवसांत पहिल्यांदाच उठली. म्हणाली, "माझ्या पोरासाठी तुझ्या पोराचे पेढे अडले, असं गावानं बोलायला नको. आणा पेढे. मी स्वतः वाटीन." आई म्हणाली, "मुळीच नाही." काकू म्हणाली, "आणलेच पाहिजेत." दोघी एकमेकींसाठी इतक्या झटू लागल्या की शेवटी दोघींचं भांडण झालं आणि त्या रात्री दोघीही जेवल्या नाहीत.

तात्यांचं मत वेगळंच होतं. ते कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांना प्रत्येक गोष्ट प्रकरण म्हणून दिसे. ते म्हणाले, "पास झाल्यावरही पेढे नाहीत आणि नापास झाल्यावरही नाहीत, मग पोरांनी पास कशाला व्हायचं? नानाची तीन पोरं अजून पुढे आहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे काय उदाहरण जाईल?" अण्णा म्हणाले, "पेढे आणू, पण दादा पास झाल्यावर. ऑक्टोबरात. दोघांचे एकदम." आत्या म्हणाली, "ऑक्टोबरातही गटांगळी खाल्ली म्हणजे?" हे बोलल्याबद्दल आत्याशी सगळेच अबोला धरून बसले. एरवी आत्याला घरात इतकं महत्त्व मिळत नसे.

पुढे कॉलेजात मला कळलं, की आमच्या घरात ज्यावरून चुली थंड पडल्या त्यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं शिणवलेलं आहे. इंग्लंडात बेंथम नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १७४८ साली जन्मले, १८३२ साली वारले. सुखाची बेरीज करा, त्यातून दुःख वजा करा, बाकी जास्त उरेल ते करावं, असं त्यांचं म्हणणं. आता आमच्या घरी हिशेब मांडा. घरात माणसं एकोणीस. अठरा जणांच्या तोंडात पेढा, एकाच्या घशात अडकलेला. बेरीज अठरा, वजाबाकी एक. बेंथमसाहेबांनी टोपी घालून स्वतः मोती चौक गाठला असता. पण बेंथमसाहेब जन्मभर अविवाहित राहिले. त्यांच्या घरात जाऊबाई नव्हत्या. दुःखाचा एक म्हणजे एक नव्हे, तो काकूच्या डोळ्यांतून, तात्यांच्या टोपीतून, आजीच्या न उमटणाऱ्या ओव्यांतून घरभर पसरतो, हे त्यांच्या अंकगणितात बसलं नसतं. त्यांना ३१ पडले असते.

आपल्याकडे पतंजलींनी सुखी माणसाशी मैत्री ठेवावी आणि दुःखी माणसाविषयी करुणा बाळगावी, असं सांगितलेलं आहे. उत्तम आहे. पण सुखी आणि दुःखी एकाच सतरंजीवर झोपत असतील, तर मधल्याने रात्री कोणत्या कुशीवर वळायचं? आणि तो सुखी मनुष्य आपण स्वतःच असलो, तर? स्वतःशी मैत्री किती मोठ्या आवाजात करायची?

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. दादाला कोणी विचारलंच नाही. मलाही कोणी विचारलं नाही, पण मी निदान परसात जाऊन आलो होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा माळ्यावरून खाली उतरला. कापडी पिशवी खुंटीवरून काढली आणि तात्यांपुढे हात पसरून उभा राहिला. "पैसे द्या. पेढ्यांची भट्टी आत्ता उतरते. उशिरा गेलं की तळाचे देतात."

घरातला सगळा बाजार दादाच आणी. वाण्याच्या तराजूवर त्याचा डोळा असे. त्याच्यासमोर मापात मारायची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे पेढे आणायचे ठरलं असतं तरी आणायला तोच गेला असता, हे खरं म्हणजे पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. तात्यांनी काही न बोलता पैसे दिले आणि टोपी काढून ठेवली. दादा मला म्हणाला, "चल. पास तू झालायस. मी एकटाच का हमाली करू?"

मोती चौकापर्यंत मी त्याच्या शेजारून मान खाली घालून चाललो होतो. सहानुभूती दाखवायची म्हणजे निदान चेहरा तरी पाडला पाहिजे, अशी माझी समजूत. राजवाड्याजवळ आल्यावर त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "पोटात दुखतंय का तुझ्या?"

अर्धा किलोत बावीस पेढे बसले. चार त्याने हमाली म्हणून तिथेच वेगळे काढले. दोन त्याने खाल्ले, दोन मला दिले. मग गल्लीत वाटायला निघालो. दर दारात एकच संवाद. "अगंबाई, पहिला वर्ग! छान हो! आणि तुझं रे काय झालं?" दादा शांतपणे सांगे, "गणितात ३१. ऑक्टोबरला बसतोय." जणू दुधाचा भाव सांगतोय. समोरचा माणूस गडबडून जाई, पेढा तोंडाशी नेलेला हात थांबे. तेव्हा दादाच म्हणे, "खा हो, गार झाला की कडक होतो." मला ते ऐकवेना. प्रत्येक दारात माझ्या अंगावर काटा येई. माझ्या मनात विचार आला, की हा बिचारा आपल्यासाठी हे सगळं सोसतोय, आपणही त्याच्यासाठी काही केलं पाहिजे.

पाचव्या घरी दादाच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो जिन्याखालीच वाकून बसला. मी एकटा वर गेलो. काकूंनी पेढा घेतला आणि विचारलं, "दादाचं रे?"

मी म्हटलं, "त्याचा निकाल राखून ठेवलाय."

खाली उतरलो तर दादा अंगठा हातात घेऊन उभा. तो काही बोलला नाही. मंगळवार तळ्यापर्यंत एक पाय ओढत आला. तिथे पायरीवर बसला आणि म्हणाला, "निकाल कोणाचा राखून ठेवतात रे?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोर्ड निकाल राखून ठेवतं ते कॉपीत सापडलेल्यांचा.

"नापास झालो हे खरं आहे," दादा म्हणाला. "मी स्वतः झालो. वर्षभर पतंग उडवून झालो. त्याची लाज वाटायची का नाही ते मी बघीन. तुला कशाला वाटली?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाटलं होतं वाईट. तीन दिवस वाटलं. आज संपलं म्हणून खाली आलो. आता तू पुन्हा सुरू करून दिलंस."

मग त्याने मला परत त्या घरी नेलं. मी दारात उभा राहून म्हटलं, "काकू, मघाशी चुकून सांगितलं. निकाल राखून नाही ठेवलेला. दादा नापास झालाय." काकूंनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "सुटले बाई! मला वाटलं पोरगं कॉपीत सापडलं. थांबा जरा." आणि आतून दोन बेसनाचे लाडू आणून दिले. नापास झाल्याबद्दल लाडू मिळालेला माझ्या माहितीतला दादा हा एकच मनुष्य.

आता तुम्ही वाट बघत असाल, की हा दादा पुढे मोठा कारखानदार झाला आणि पहिल्या वर्गाचा मी त्याच्या कारखान्यात खर्डेघाशी करू लागलो. अशा गोष्टी भाषणांतून सांगतात. तसं काही झालं नाही. दादा ऑक्टोबरात पास झाला, एसटीत चिकटला, रोज संध्याकाळी कंडक्टरांनी आणलेल्या पैशांचा हिशेब घेई. तोही गणितातच. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाला. मी पुण्यात बँकेत तेच केलं. माझा पंखा त्याच्या पंख्यापेक्षा जरा मोठा होता.

पण त्या दिवसातली एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. घरात माझं फार कौतुक झालं होतं. पोरगं केवढं समजूतदार, पहिला वर्ग मिळूनही तीन दिवस हूं की चूं केलं नाही! आजीने तर येईल त्याला सांगितलं. मी गप्प राहून ते ऐकलं. खरी गोष्ट अशी, की पेरूच्या झाडाखाली मी जो हसलो, त्यातला आनंद सगळाच पहिल्या वर्गाचा नव्हता. काही भाग दादाच्या ३१ चा होता. किती? दोन आणे? आठ आणे? त्याचं मार्कलिस्ट बोर्ड देत नाही. जन्मभर ज्याची रेघ आपल्या वर होती, तो खाली आला, आणि तो खाली आल्यामुळे मी जास्तच वर दिसू लागलो. मला दादा आवडत होता. त्याच्याशिवाय मला झोप येत नसे. आणि तरीही मी उड्या मारल्या. माणूस आपला आनंद लपवतो तेव्हा दर वेळी दुसऱ्याच्या दुःखाचा मान राखण्यासाठी लपवतो असं नाही. कधीकधी त्या आनंदाला जरा वास येत असतो म्हणूनही झाकून ठेवतो. मी चेहरा पाडून चाललो होतो तो कोणासाठी, हे मला तेव्हाही पुरतं माहीत नव्हतं.

हे सगळं मला त्या मे महिन्यात आठवलं आणि मी दादाला फोन लावला. त्याला दोन्ही निकाल सांगितले. मुलगी काय म्हणते, मुलगा काय म्हणतो, सून काय म्हणत नाही, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "घेऊन ये दोघांना. पेढे मी आणून ठेवतो. तुमच्या पुण्याचे नकोत."

दोघांना एसटीत घालून मी साताऱ्याला निघालो. नातू खिडकीशी कानात बोंडं घालून बसला. नात माझ्या पलीकडे, सगळा वेळ चेहरा पाडून. खंबाटकी घाटात मी तिला विचारलं, "पोटात दुखतंय का?" ती म्हणाली, "गाडी लागतेय." कोण जाणे, लागलीही असेल.

आमचं जुनं घर केव्हाच पडलं. तिथे चार मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर दादाचा ब्लॉक. घर पाडताना दादाने ती चौकट काढून घेतली होती. दारं-खिडक्या भंगारवाल्याला दिल्या, चौकट तेवढी ठेवली. ब्लॉकला कुठेच बसेना म्हणून बाल्कनीत भिंतीला टेकवून उभी केली आहे. तिच्यातून कुठेही जाता येत नाही. दादाने नातवाला चौकटीला पाठ लावून उभा केला, डोक्यावर वर्तमानपत्राची घडी धरली आणि रेघ मारली. पोरगं आमच्या सगळ्यांच्या वर, चौकटीच्या टोकाला चार बोटं कमी. मग नातीला उभी केली. "किती पडले?" त्याने तिला विचारलं. ती चुलतआजोबांकडे न बघता नातवाकडे बघत म्हणाली, "एक्याण्णव." "आणि तुला रे?" "फिजिक्सला एकोणीस," नातू म्हणाला. दादा म्हणाला, "माझ्याहून बारा कमी," आणि पुड्याची दोरी सोडली.

पोरं पेढे घेऊन आत टीव्हीसमोर गेल्यावर आम्ही दोघंच बाल्कनीत बसलो. समोर अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले होते. मी म्हटलं, "दादा, तुला एक सांगायचं होतं. त्या वर्षी माझा निकाल लागला ना, तेव्हा मी परसात जाऊन..."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला. "पेरू माळ्याच्या खिडकीखालीच होता."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. पन्नास वर्षं! तो पुड्यातले पेढे मोजत होता.

"बराच वेळ हसत होतास," तो म्हणाला. "माझे स्क्रू मोजायचे चुकले." मग चार पेढे वेगळे काढून त्याने दोन माझ्यापुढे सरकवले आणि बाकीचा पुडा दोरीने बांधून ठेवला. आतून नातवाचा आवाज आला, "आजोबा, अजून आहेत का?"